डबल चढला आणि घंटी वाजेना

आमचा दादा गेला तेव्हा घरात रडारड होती ती होतीच, पण बाहेरच्या खोलीत त्याच्या कामावरची माणसं बसली होती आणि तिथून मधेच खो खो हसण्याचा आवाज आला. आत बायकांनी माना वर केल्या. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "सुतळीने घंटीची गोष्ट काढली वाटतं. सांगू दे त्याला." तर ती गोष्ट इथे पहिल्यापासून सांगायची आहे, कारण सुतळी, म्हणजे दादाचा कामावरचा जोडीदार, निम्मी सांगतो आणि निम्मी हसण्यात घालवतो. आणि एक आधीच सांगितलेलं बरं. दादा गेला तो डोक्यातली शीर फुटून. पोटाच्या ऑपरेशनला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, त्याचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलंय. लोक उगाच काहीबाही बोलतात म्हणून लिहिलं.

दादा लिफ्टवाला. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नाही हं, लिफ्ट बसवणारा आणि दुरुस्त करणारा. त्यांच्यात दोन जाती. एक वरचे आणि एक खालचे. वरचा म्हणजे जो लिफ्टच्या केबिनच्या टपावर उभा राहून त्या उभ्या काळोख्या विहिरीतून वरखाली जातो, दोर बघतो, रूळ बघतो, तेल लावतो. खालचा म्हणजे जो खाली राहून हत्यारं देतो, दारात फळी लावतो आणि लोकांच्या शिव्या खातो. दादा तरुणपणापासून वरचा. त्याला ते काम इतकं आवडायचं की बोलायची सोय नाही. कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी लिफ्टमध्ये शिरल्यावर वर कान लावून उभा राहायचा, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर म्हणायचा, "तुमच्या लिफ्टचा डावा रूळ कोरडा पडलाय."

पण दादाला खायला लागायचं. म्हणजे आमच्या घरातच सगळ्यांचं खाणं मोठं आणि भरभर. ताट आलं की मान खाली, ताट रिकामं झालं की मान वर. लग्नानंतर अजून वाढलं. त्याचं अंग असं काही सुटलं की विचारू नका. दीडशे किलो कधी ओलांडले ते त्यालाही कळलं नाही. कामावर त्याचं नाव पडलं डबल, कारण लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे म्हणायचे, दोन माणसं आली, एकाने उतरा. त्याचा जोडीदार नेमका काडीसारखा, त्याचं नाव सुतळी. डबल आणि सुतळी अशी जोडी निघाली की वॉचमनसुद्धा हसायचे. दादाही हसायचा. मोठा माणूस हसतोच, त्याला दुसरं काय करता येतं.

मग ते दाराचं झालं.

एका जुन्या इमारतीत गच्चीवर मशिनची खोली, आणि तिला दार म्हणजे भिंतीत ठेवलेलं एक भोक. वाकून, अंग चोरून आत जायचं. आत जाताना दादा कसाबसा गेला. बाहेर येताना अडकला. डोकं आणि एक हात गच्चीवर, बाकी सगळा दादा आत.

सुतळी हात धरून ओढतोय. "अरे श्वास सोड, श्वास सोड!"

"सोडला की सगळा!"

"मग अजून सोड!"

"अजून सोडला तर मरेन रे!"

वॉचमनने साबणाच्या पाण्याची बादली आणली. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या बायका बघत उभ्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "पलीकडून ढकला ना." पलीकडे कोण जाणार, दार तर त्यानेच भरलेलं. शेवटी साबणाने निघाला तो, शर्ट आतच राहिला. फोरमन तोवर वर पोचले होते. ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दादाने आत शिरताना गच्चीवर काढून ठेवलेला हार्नेस, म्हणजे ते पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे, उचलला आणि त्याच्यावर शिवलेली चिठ्ठी दाखवली. शंभर किलोपर्यंत, असं लिहिलेलं.

"हा तुला धरणार नाही, डबल. मी इतके दिवस डोळेझाक केली. उद्यापासून तू खाली."

बास. दादा खालचा झाला. आणि नुसता खालचा नाही, वजन झाला.

ते असं, की नवी लिफ्ट बसवली की तिची घंटी लावावी लागते. जास्त माणसं चढली की लिफ्ट हलत नाही आणि घंटी वाजते, ती. केबिनच्या खाली एक स्विच असतो, तो किती वजनाला दाबला जावा हे ठरवायचं असतं. त्यासाठी गोदामातून लोखंडाचे ठोकळे आणायचे, टेम्पोत चढवायचे, उतरवायचे, लिफ्टमध्ये रचायचे. कंबर मोडते माणसाची. तर या लोकांनी युक्ती काढली. दादाला चढवायचं. त्याचं वजन फोरमनच्या तोंडपाठ. डबल आणि इतके ठोकळे म्हणजे पाच माणसांची लिफ्ट, डबल आणि तितके ठोकळे म्हणजे आठ माणसांची. दादा आत जाऊन उभा राहायचा, सुतळी खालून स्विच फिरवत राहायचा, घंटी वाजली की काम झालं. चहा. कंपनीचं पुस्तक असं करा म्हणत नाही, पण कोणाची कंबर पुस्तक थोडीच चोळून देणार.

घंटी लावून झाली की सुतळी टपावर जायचा, आणि लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या दादाच्या डोक्यावर त्याचे बूट वाजायचे. दादा वहिनीला म्हणाला होता एकदाच, "आवाज ऐकला की मान आपोआप वर जाते गं. माझी जागा ती." वहिनीने ते धरून ठेवलं. तिने चौकशी केली, डॉक्टर शोधला, आणि एका दिवशी त्याला म्हणाली, "अहो, टपावर जायचंय ना परत? मग चला माझ्याबरोबर."

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पोटाला वरच्या अंगाला एक बँड घालतात, थैलीचं तोंड आवळावं तसं. वर एक छोटा कप्पा तयार होतो, तो चार घासात भरतो आणि भूक शांत होते. बँड सैल घट्ट करता येतो, कातडीखाली एक बटण असतं, त्यातून सुई टाकून खारं पाणी भरायचं. नर्सबाईंनी दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आमच्या ब्रेकसारखंच की. आवळत आवळत नेमकं आणायचं."

"तसंच समजा," नर्सबाई म्हणाल्या, "पण पाना घेऊन घरी आवळू नका."

कामावर मात्र त्याने सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून. लाज वाटली. जाड माणसाने बारीक व्हायला जावं आणि नाही झालं तर लोक दुप्पट हसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग सुरू झालं ते! अहो काय सांगायचं ते दिवस. सुरुवातीला नुसतं सूप, मग मऊसर काहीतरी, मग घास. घास म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. आणि चावायचा, चावायचा, चावायचा, पार पाणी होईपर्यंत. एकदा विसरून जुन्यासारखा मऊ पावाचा मोठा घास गिळला. तो पाव असा छातीत बसला की दादा उठून उभा, तोंडाला पाणी सुटलेलं, हात हवेत. पाच मिनिटांनी मोकळा झाला. त्यानंतर पावाकडे तो शेजारच्या चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तसा बघायचा. तेवढं एक सोडलं तर कसलं दुखणं आणि कसलं काय.

गंमत झाली ती जेवणाच्या टेबलावर. आमच्या घरात जेवताना बोलायची पद्धतच नव्हती, वेळ कुठे होता बोलायला. आता दादाचं छोटं ताट, छोटा चमचा, आणि घास संपायचं नाव नाही. लेकीचं आणि वहिनीचं जेवण होऊन जायचं आणि हा चावतोय. एकट्याला टाकून उठायचं कसं? म्हणून त्या बसायच्या. बसल्या की बोलायच्या. लेक तेव्हा आठवीत. त्या टेबलावर दादाला पहिल्यांदा कळलं की तिला गणिताच्या बाईंची नक्कल येते, की तिची जिवलग मैत्रीण आता जिवलग राहिली नाही, की तिला पुढे काय व्हायचंय ते दर आठवड्याला बदलतं. दादाचं तोंड भरलेलं, त्यामुळे त्याला मधे बोलता यायचं नाही, आणि मधे न बोलणारा बाप पोरीला फार आवडतो. ती सांगत सुटायची.

"बाबा, तुम्ही हळू जेवता ते किती छान आहे."

"हं," दादा म्हणायचा. चावत.

वहिनीला पहिले काही दिवस झोप लागेना. कारण काय, तर घोरणं थांबलं होतं. इतक्या वर्षांची सवय. शांत वाटलं की ती घाबरून त्याला कोपर मारायची, "अहो, आहात ना?" तो म्हणायचा, "आहे गं बाई, झोपू दे." मग ती हसत झोपायची.

एका सकाळी दादा कामाला निघायला बूट घालत होता. बुटाच्या नाड्या वहिनी बांधायची, कारण दादाचा हात तिथपर्यंत पोचायचा नाही. ती आतून आली तर हा पलंगाच्या कडेवर बसून वाकलेला, नाडीची गाठ मारतोय, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. गाठ मारून झाली. त्याने सोडली आणि परत मारली. मग दुसऱ्या बुटाची. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिला म्हणाला, "तुझी नोकरी गेली."

"बरं झालं," ती म्हणाली, "पगार कुठे मिळत होता."

खुर्चीत बसताना तो आधी खुर्ची हलवून बघायचा, ती सवय सुटली. बसमध्ये शेजारी माणूस बसायला लागला. एकदा एक म्हातारी त्याच्या शेजारी बसली आणि पिशवी दोघांच्या मधे ठेवली, आणि दादा घरी येऊन सगळ्यांना सांगतोय, "मधे पिशवी मावली! पिशवी!" त्या म्हातारीला काय ठाऊक तिने कोणाला काय दिलं ते. तयार कपड्यांच्या दुकानात गेला आणि खुंटीवरची पँट उचलून घातली तर बसली. त्या पँटमध्ये तो दुकानात फेऱ्या मारत राहिला, शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, तेवढ्या फेऱ्यात घरी पोचला असता."

पण कामावर काय, तर तोच जुना ढगळ डगला, कंपनीचा. त्यात तीन माणसं मावतील. आत दादा किती उरलाय ते बाहेरून कळायचंच नाही. चेहरा उतरला होता, तर सगळे म्हणायचे हर्नियाचं आजारपण. आणि दादाचं मन एकाच गोष्टीत. शंभर. हार्नेसच्या त्या चिठ्ठीवरचं शंभर. तो दवाखान्यातल्या काट्यावर चढायचा तेव्हा श्वास रोखायचा, जसं काही हवेचं वजन असतं. अजून बराच वर होता. शंभर झाले की फोरमनना सांगू, त्याआधी तोंड उघडायचं नाही, असं ठरवलेलं.

अशात एका नव्या इमारतीचं काम आलं. तीन लिफ्ट. पहिलीची घंटी लावायची वेळ आली. ठोकळे रचले. फोरमन म्हणाले, "डबल, चढ."

डबल चढला. घंटी वाजेना.

"नीट उभा राहा मधे."

"मधेच आहे साहेब."

"उडी मार जरा."

दादाने उडी मारली. आता बघा, उडी मारता आली यातच त्याला कळायला हवं होतं, पण नाही. घंटी गप्प. सुतळी केबिनखालच्या खड्ड्यात उतरला, शिव्या देत स्विच फिरवला, फिरवला, आणि ती वाजली. चला. दुसरी लिफ्ट. तीच रड. तिसरी. तीच. फोरमन म्हणाले, "स्विचचा सगळा मालच बिघडलेला आलाय." दादाही मान हलवत म्हणाला, "हल्ली माल चांगला येत नाही साहेब." आणि हे तो मनापासून म्हणाला! अगदी मनापासून. कारण इतकी वर्षं तो वजन होता ना. ठोकळा कधी विचार करतो का की आपण बारीक झालो?

असं बऱ्याच इमारतींत झालं. जितकी लिफ्ट नवी तितका तिचा स्विच जास्त फिरवावा लागायचा. आणि मग तक्रारी यायला लागल्या. पाच माणसांची लिफ्ट, चौथा चढला की बोंबलते. एका बाईंनी फोन करून सांगितलं की मी, माझे मिस्टर, माझे दीर आणि एक कलिंगड, एवढ्यात घंटी वाजते, आता आम्ही कोणी उतरायचं का कलिंगडाने? दुसऱ्या इमारतीत एका जाडसर काकांना रोज घंटी वाजली की सगळे बघायचे, ते जिन्याने जायला लागले होते. हे ऐकून दादाला फार वाईट वाटलं. फोरमननी कारखान्याला खरमरीत निरोप पाठवला की तुमचे स्विच भंगार आहेत. कारखाना म्हणाला आमचे स्विच उत्तम आहेत. दोन्हीकडून आवाज चढले, आणि कारखान्याचा माणूस तपासायला येणार असं ठरलं.

त्या दिवशी जेवताना दादा हे सगळं घरात सांगत होता, घास चावून झाला की एक वाक्य, घास चावून झाला की एक वाक्य. वहिनी ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, ठोकळे तेच आहेत?"

"तेच."

"स्विच नवे?"

"नवे."

"आणि तिसरं काय असतं लिफ्टमध्ये?"

"तिसरं मी."

वहिनी त्याच्याकडे वळली. नुसती बघत राहिली. लेक आधी हसायला लागली. दादाचा चमचा हवेत थांबला. त्याने खाली आपल्या पोटाकडे बघितलं, डगला नव्हता अंगावर, घरातला सदरा होता, नवा, लहान मापाचा. आणि मग त्याला जे हसू आलं! बँडवाल्या माणसाने तोंडात घास असताना हसू नये म्हणतात. तो उठून गॅलरीत गेला, कठड्याला धरून हसला, परत आला, वहिनीकडे बघितलं, परत गॅलरीत गेला.

"मी बिघडलोय!" तो म्हणत होता. "स्विच बरे आहेत! मी बिघडलोय!"

पण हसून झाल्यावर त्याने ताट बाजूला सारलं. कारण आता सांगावं लागणार होतं. शंभर व्हायच्या आधीच. फोरमन भडकले आणि म्हणाले की तू खोटं बोललास, लिफ्टांचा घोळ घातलास, आता टपाचं नाव काढू नकोस, तर? हे सगळं ज्याच्यासाठी केलं तेच जायचं.

"नाही सांगितलं तर?" लेकीने विचारलं.

"तर कारखान्याचा माणूस येऊन सांगेल," वहिनी म्हणाली. "आणि ते काका जिने चढत राहतील. तुम्हीच सांगा. आपल्या तोंडाने."

दुसऱ्या दिवशी दादा गोदामात गेला. फोरमन, सुतळी, बाकीची माणसं, सगळी होती. गोदामात माल तोलायचा मोठा काटा असतो जमिनीत बसवलेला. दादाने मधे जाऊन डगल्याची बटणं काढली, डगला काढून खाली टाकला, आणि काट्यावर उभा राहिला.

"साहेब, बघा."

सगळ्यांनी आधी दादाकडे बघितलं. शर्ट पँटमध्ये खोचलेला, कमरेला साधा पट्टा. मग काट्याकडे बघितलं. मग परत दादाकडे.

"हर्निया नव्हता साहेब. पोटाला बँड घातलाय. तुमचे स्विच चांगले आहेत. मीच चाळीसएक किलोंनी कमी भरतोय."

सुतळी काट्याभोवती एक चक्कर मारून आला, मागून पण बघितलं. म्हणाला, "अरे बाकीचा कुठे गेला?"

फोरमनचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "मी कारखान्याला ज्या शिव्या घातल्या..."

"त्या मला घाला साहेब."

"म्हणजे ते कलिंगड..."

"हो साहेब."

आणि फोरमन, जे कधी हसत नाहीत, ते एका ठोकळ्यावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग सगळं गोदाम हसायला लागलं. सुतळी तर जमिनीवर बसला. कोणीतरी दादाचा टाकलेला डगला घालून बघितला. हसून झाल्यावर फोरमन उठले, डोळे पुसले आणि ओरडले, "हसताय काय? सगळ्या लिफ्टा परत लावायच्या! ठोकळ्यांनी! डबलचं वजन आजपासून बंद!"

मग काय, निघाली वरात. सगळ्या इमारतींत, टेम्पोतून ठोकळे उतरव, रच, स्विच फिरव, ठोकळे परत चढव. सगळे दादाच्या नावाने खडे फोडत होते. आणि दादा? दादा सगळ्यात पुढे. एका हातात एक ठोकळा, दुसऱ्या हातात एक, आणि जिन्याने. दम नाही लागत. सुतळी खाली धापा टाकत उभा आणि हा वरून ओरडतोय, "आण की रे!" काकांच्या इमारतीतली घंटी नीट झाली तेव्हा दादाने स्वतः जाऊन त्यांचं दार वाजवलं. "काका, चला, लिफ्टने खाली जाऊ." काका नको नको म्हणत होते. दादा आधी आत जाऊन उभा राहिला, काका आले, शेजारच्या दोघांना पण आत घेतलं. घंटी वाजली नाही. "दोष तुमचा नव्हता," दादा त्यांना म्हणाला, "माझा होता," आणि का ते सांगितलं. काका तळमजला आला तरी उतरेनात. बँडचं अजून सांगा म्हणाले.

सगळ्या लिफ्टा लावून झाल्यावर दादा फोरमनसमोर गेला. "साहेब, आता टपाचं."

फोरमननी भिंतीवरचा हार्नेस काढला, चिठ्ठी दाखवली. "ज्या दिवशी काटा इथे येईल त्या दिवशी. अर्धा किलो पण वर चालणार नाही. आणि आता मी डोळेझाक करणार नाही."

"खोटं बोललो म्हणून रागावला नाहीत?"

"रागावलोय. पण टपावर राग बघत नाहीत, वजन बघतात."

त्यानंतर गोदामातला काटा म्हणजे एक करमणूकच झाली. दर सोमवारी सगळे दादाला चढवायचे. खिसे रिकामे करायला लावायचे. सुतळी बूट काढायला लावायचा. "सकाळी काय खाल्लं?" "एक अंडं." "अर्धं खायचं ना!" मधे बरेच आठवडे काटा हललाच नाही. दादा चिडचिडा झाला, वहिनीवर ओरडला, मग नर्सबाईंकडे गेला, त्यांनी बँडमध्ये थोडं पाणी भरलं, म्हणाल्या, "घाई करू नका, असं होतं." त्याने चालायला सुरुवात केली, लेक बरोबर जायची, तिचं बोलणं टेबलावर संपायचं नाही ते रस्त्यावर चालू. मग काटा परत उतरायला लागला. एका सोमवारी तो शंभराच्या खाली जाऊन थांबला, आणि गोदामात अशी आरोळी उठली की बाहेर टेम्पोवाला गाडी सोडून पळत आला, त्याला वाटलं काही कोसळलं.

टपावर जायचा दिवस ठरला. वहिनी आणि लेक दोघी आल्या बघायला. बघायला काय मिळणार होतं म्हणा, तळमजल्यावर बंद दार. पण आल्या. वहिनीने चांगली साडी नेसली होती. सुतळीला त्या दिवशी खालचं काम, तो उगाच कुरकुर करत होता पण त्याने आदल्या दिवशीच टपावरची सगळी धूळ पुसून ठेवली होती. फोरमननी स्वतः दादाच्या अंगावर हार्नेस चढवला, एकेक पट्टा ओढून बघितला. पहिल्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, केबिन खालीच उभी होती, दादा टपावर उतरला, कडी अडकवली. दार बंद झालं, फोरमन जिन्याने खाली आले.

त्यांचा एक नियम आहे. टपावरचा माणूस आधी ओरडतो, वर किंवा खाली. खालचा तेच परत ओरडतो. मगच टपावरचा बटण दाबतो. जोवर वरून आवाज नाही तोवर लिफ्ट बोटभरसुद्धा हलत नाही, मग इमारत पेटली तरी.

सगळे तळमजल्यावर कान देऊन उभे. आवाज येईना.

"डबल!" सुतळी ओरडला. "वर का खाली?"

काही नाही.

दोन माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत उभी होती, त्यांनी विचारलं काय झालं. फोरमननी त्यांना हाताने गप्प केलं. वहिनीने लेकीचा हात धरला. तिच्या मनात काय काय आलं असेल. बँड, छाती, चक्कर, तो काळोख.

"डबल! अरे ठीक आहेस ना?"

वर दादा ठीकच होता. तो मागाहून सांगायचा. दिवा लावला, वर बघितलं, ते तेलकट दोर वर वर जाऊन काळोखात बारीक झालेले, तोच वास, तोच गारवा. दोराचं टोक बघायला म्हणून तो खाली बसला. उकिडवा. दोन्ही गुडघे दुमडून, टाचा टेकवून. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण उकिडवे बसलोय. कितीतरी वर्षांनी. आणि तोंड उघडलं तरी आवाज निघेना. ओरडायचं होतं, पण हसू आणि रडू दोन्ही एकदम दारात येऊन अडकली होती.

खाली फोरमन किल्ली घेऊन जिन्याकडे धावणार, एवढ्यात वरून आलं.

"वर!"

सगळी विहीर घुमली. आणि सुतळीने ओरडायच्या आधी लेकच ओरडली, "वर!" वहिनी ओरडली, "वर!" सुतळी ओरडला, आणि त्या पिशव्यावाल्या दोघांना काहीही माहीत नव्हतं पण ते पण ओरडले, "वर!"

"बंद!" फोरमन गरजले. "बंद! काय बाजार आहे का? एकानेच उत्तर द्यायचं, नियम आहे! डबल, हात लावू नकोस बटणाला! परत पहिल्यापासून!"

सुतळी सरळ उभा राहिला. वहिनीने तोंडावर पदर धरला.

दादाला काय, त्याला परत ओरडायला मिळालं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापेक्षा मोठी आरोळी ठोकली.